बहात्तर आरे

“आले गं, आले! वेत ओला आहे. एवढी ओळ झाली की आलेच!”

घराच्या मागच्या खोलीतून येणारा आईचा हा आवाज. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण घड्याळबाईच्या कानात तो जुन्या भाडेकरूसारखा ठाण मांडून होता. दूध उतू गेलं तरी तोच आवाज, दारात कुणी उभं असलं तरी तोच, आणि गुडघा फोडून घेऊन ती रडत आली तरी तोच.

आई खुर्च्या विणायची. लाकडी चौकटीच्या कडेने बारीक भोकं, आणि त्या भोकांतून ओढून घेतलेल्या वेताच्या पातळ पट्ट्या. आधी उभ्या, मग आडव्या, मग पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या, आणि शेवटी दोन्ही अंगांनी तिरप्या. विणून झालं की चौकटीत अष्टकोनी डोळ्यांची जाळी उमटायची. पट्टी घमेल्यातल्या पाण्यात भिजवून मऊ करायची आणि मऊ आहे तोवर ओढायची. वाळली की अडून बसते, मुडपली की तडकते. म्हणून आई मध्येच उठायची नाही. म्हणजे, असं ती सांगायची.

विणताना ती गुणगुणायची. शब्द तिचे, चाल तिच्या आईकडून आलेली.

पहिली माझी ओळ गं, ओळ शिकते चालायला
दुसरी माझी ओळ गं, ओळ लागते बोलायला
तिसऱ्या गं ओळीमध्ये बोलणं सारं सरलं
कोण विणे, काय विणे, पुसायला कोण उरलं

आणि तिसरी ओळ आली की खरोखरच कुणी उरायचं नाही. दिसायची ती फक्त पाठ, आणि कोपर, पुढे-मागे, पुढे-मागे. मुलगी उंबऱ्यात उभी राहून त्या पाठीकडे बघत राहायची. पाठीशी बोलणार तरी काय?

ती सात वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. शाळा दोन गल्ल्या पलीकडे, इतकी जवळ की शाळेची घंटा मागच्या खोलीत स्वच्छ ऐकू यायची. पण मध्ये वाहता रस्ता होता आणि तो एकटीने ओलांडायचा नाही असा दंडक होता. त्या दिवशी शाळा अर्धीच होती. सकाळी वेणी घालताना आईने दोनदा बजावलं, “दुपारी घंटा झाली की फाटकाच्या पायरीवर बस. हलू नकोस. मी येते.”

घंटा झाली. मुलं पांगली. मुलगी पायरीवर बसली. सावली पायरीवरून खाली उतरली, अंगणभर चालत गेली, भिंतीवर चढली. शाळेची शिपाईणबाई तिच्याशेजारी येऊन बसली, तिने आपल्या डब्यातलं उरलंसुरलं तिला भरवलं, मग दोघींनी मिळून रस्त्यावरून जाणाऱ्या सायकली मोजल्या. एकशे चौदा झाल्या. रस्त्यावरचे दिवे लागले तेव्हा आई आली. धावत, केस सुटलेले, हात कोपरापर्यंत ओले.

“विसरलेच गं, बाळ. कामात भानच राहिलं नाही.”

“होतं असं,” शिपाईणबाई म्हणाली. “कामाच्या माणसाचं होतं असं.”

पुढे तो किस्सा घरात हसून सांगायचा झाला. पाहुणे आले की मुलगी स्वतःच सुरुवात करायची, “आमची आई एकदा मला शाळेतच विसरली!” सगळे हसायचे. आई उठून पाणी आणायला जायची.

मुलीने मात्र मनाशी एक हिशेब पक्का केला होता. भान जातं, आणि जाताना आपली माणसंही गाठोड्यात बांधून घेऊन जातं. तेव्हा आपण ते जाऊच द्यायचं नाही.

मोठी झाली, लग्न झालं, लेक झाली. आईच्या डोळ्यांवर पडदा येऊ लागला तेव्हा मागची खोली तिच्या हाती आली आणि त्या खोलीत ती सगळ्यात आधी काय घेऊन आली, तर गजराचं घड्याळ. किल्लीचं, दोन कानांचं, टिनाच्या डब्यात खडे हलवल्यासारखं वाजणारं. दर वीस मिनिटांनी गजर. गजर झाला की पट्टी खुंटी ठोकून अडकवायची, उठायचं, दारापर्यंत जायचं, रस्त्यावर नजर टाकायची, घरातल्यांची नावं मनात म्हणायची आणि मग परत येऊन बसायचं. लेकीला शाळेतून आणायला ती बारा वर्षांत एकदाही उशिरा पोचली नाही. उलट इतकी लवकर पोचायची की शाळेतल्या बाई तिला बघून आपलं घड्याळ पुढे लावायच्या. आता ती लेक परगावी शिकायला गेली होती, पण गजर घरातच राहिला होता.

तिला घड्याळबाई हे नाव सुतारमामांनी दिलं. शेजारच्या गाळ्यात ते खुर्च्यांच्या चौकटी जोडायचे. भिंत एकच, त्यामुळे गजर त्यांनाही ऐकावा लागायचा.

“तुझ्या त्या कोंबड्याला आवर गं,” ते भिंतीपलीकडून ओरडायचे. “दिवसातून वीस वेळा सकाळ होते माझी!”

“तेवढ्या वेळा जागे होता ना? मग उपकार माना.”

“जागा होतो, पण चहा एकदाच मिळतो.”

तिचं काम नेटकं होतं. गिऱ्हाइकाची कधी तक्रार नाही. पण विणून झालेली प्रत्येक खुर्ची आईसमोर जायची आणि तिथे खरी परीक्षा व्हायची. आईला आता दिसायचं ते धुक्यातून. ती जाळीवर बोटं टेकवायची आणि डोळे मिटून सावकाश चालवायची, भिंतीवरून मुंगी जावी तशी.

“इथे उठलीस,” ती म्हणायची. दोन बोटं पुढे गेली की, “इथे पुन्हा उठलीस. आणि ही बघ, ही. इथून परत आलीस ती तावातावाने आलीस. ओढ जास्त झाली.”

घड्याळबाईला ते कधी दिसायचं नाही, पण बोट टेकवलं की जाणवायचं. हात थांबला, पुन्हा लागला की ओढ बदलते. आधीची पट्टी सैल तर पुढची ताठ. वीस-वीस मिनिटांचे तुकडे जाळीत जसेच्या तसे उमटलेले असायचे.

“मग वाईट झालीय का?”

“वाईट कशाला? बसता येईल.”

“अहो ताई,” सुतारमामा मध्ये तोंड घालायचे, “खुर्चीला याहून मोठं प्रशस्तिपत्र काय असतं?”

आई हसायची आणि विषय तिथेच मिटायचा. घड्याळबाईच्या आत मात्र तो मिटायचा नाही. बसता येईल. एवढंच?

*

चक्राची खुर्ची आली ती एका सोमवारी. गाणं शिकवणाऱ्या एक बाई गाव सोडून जाणार होत्या. सामान बांधताना वडिलांच्या खुर्चीची पाठ फाटली.

“शनिवारी सामान हलतंय,” त्या म्हणाल्या. “होईल का? नाही झाली तर तशीच घेऊन जाते. पण मग ती तशीच राहील.”

खुर्चीची पाठ गोल होती. मधोमध रुपयापेक्षा थोडी मोठी लाकडी चकती, तिच्यापासून निघून कडेपर्यंत जाणारे वेताचे आरे. एकूण बहात्तर. चाकाचे असतात तसे, फक्त हे चाक हवेत तरंगणारं. चकतीला आधार कशाचाच नाही. चारी बाजूंनी सारखी ओढ बसली तरच ती मधोमध राहते. विणताना चार दोऱ्यांनी तिला तात्पुरती बांधून ठेवायची आणि एक आरा इकडे, एक बरोबर समोर, असं करत जायचं. प्रत्येक आरा वाटेतल्या, वेताच्याच दोन गोल कड्यांच्या खालून-वरून काढायचा. आणि सगळे एका बैठकीत. आधीचे वाळून ताठ झाले आणि नंतरचे ओले राहिले, तर दोऱ्या सोडल्याबरोबर चकती सरकते. केसभर सरकली तरी चाक डोळ्याला तिरळं दिसतं.

घड्याळबाईने चक्र कधी केलं नव्हतं. खोली सोपवल्यावरही चक्रं आईच करायची, डोळ्यांनी पुरतं सोडेपर्यंत. गेली सहा वर्षं चक्राचं काम आलं की, “सध्या घेत नाही,” असं सांगून परत जायचं.

ती तेच सांगायला तोंड उघडत होती तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. “शुक्रवारी संध्याकाळी घेऊन जा.”

बाई गेल्यावर घड्याळबाई आत आली. “आई, तू कशी करणार आहेस?”

“मी कुठे करतेय? तू करणार आहेस.”

“एका बैठकीत?”

“चक्राला दुसरी रीत असेल तर सांग, मी शिकते.”

“आणि गुरुवारी तुझा डोळा आहे!”

गुरुवारी आईच्या उजव्या डोळ्यावरचा पडदा काढायचा होता. सकाळी दहाला दवाखान्यात सोडायचं, दुपारी चारला आणायचं.

“गुरुवारीच कर,” आई म्हणाली. “मी घरात नसेन ते बरंच. मी असले की तू वेताकडे बघत नाहीस, माझ्या बोटांकडे बघतेस.”

भिंतीपलीकडची करवत थांबली. “ताईंना मी आणतो गं. चार वाजता गाडी काढतो, आणून सोडतो.”

“नाही मामा.” घड्याळबाई इतक्या चटकन म्हणाली की आईने मान वर केली. “मी आणीन. मीच आणीन.”

करवत पुन्हा सुरू झाली. आईची बोटं मांडीवरच्या पदरावर, कसली तरी न दिसणारी जाळी तपासत राहिली.

*

गुरुवारी आईला दवाखान्याच्या बाकावर बसवून घड्याळबाई परत आली तेव्हा पावणेअकरा झाले होते. घमेल्यात पट्ट्या रात्रभर भिजल्या होत्या. तिने खुर्ची खिडकीपाशी ओढली, चकती दोऱ्यांनी बांधली, मोजपट्टीने चारही बाजूंचं अंतर मोजलं. मग गजराचं घड्याळ हातात घेतलं आणि बराच वेळ ते तसंच धरून उभी राहिली.

वीस मिनिटांनी उठलं तर चक्र होणार नाही. उठलं नाही तर... शेवटी तिने काटा साडेतीनवर नेला. एकच गजर. घड्याळ हाताच्या अंतरावर, खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आणि बसली.

पहिले दहा आरे तिने भांडल्यासारखे घातले. पट्टी ओढायची आणि चकतीकडे बघायची, सरकली का? दुसरी ओढायची आणि घड्याळाकडे बघायची, किती झाले? अकराव्याला बोटाच्या पेराला काप गेला. बाराव्याला पट्टी उलटी लागली, गुळगुळीत बाजू खाली गेली, काढून पुन्हा घालावी लागली. मनात नुसता बाजार भरला होता. आई बसली असेल. थेंब घातले असतील. बाई म्हणाल्या होत्या, तशीच राहील. मामा हसतील. आई हसणार नाही, ते जास्त वाईट.

वीसेक मिनिटं झाली तशी पायांना उठायची सवय आठवली. टाचा उचलल्या गेल्या. तिने त्यांना खाली ठेवलं.

कितव्या आऱ्याला बाजार उठला, ते तिला पुढेही सांगता आलं नाही. पंधरावा असेल, विसावा असेल. पट्टी पाण्यातून वर आली, थेंब निथळले, अंगठ्याने गुळगुळीत बाजू ओळखली, खालून, वरून, कडेचं भोक, ओढ. समोर. खालून, वरून, भोक, ओढ. ओढताना पट्टी एक बारीक आवाज करते. कुर्र. पुरेशी ताठ झाली की तो आवाज थांबतो. आतापर्यंत ती ताठपणा बोटाने चाचपून बघत होती. आता आवाज थांबायचा आणि हातही थांबायचा, कुणी कुणाला सांगत नव्हतं.

खिडकीतलं ऊन कठड्यावरून तिच्या मनगटावर आलं, मनगटावरून चकतीवर. ते तिला दिसत होतं, पण दुपार झाली असा त्याचा अर्थ लागत नव्हता. ते नुसतं ऊन होतं आणि त्यात ओल्या वेताचा रंग मधासारखा दिसत होता. भिंतीपलीकडे करवत चालली होती. करवतीची लय आणि पट्टीची लय मध्ये कुठे तरी भेटल्या, थोडं अंतर बरोबर चालल्या, मग आपापल्या वाटेने गेल्या. बोटाच्या पेरातून रक्त यायचं थांबलं होतं. तहान लागली होती, पण ती दूरच्या कुणाला तरी लागली असावी तशी.

मग तिच्या लक्षात आलं की खोलीत कुणी तरी गुणगुणतंय.

दुसरी माझी ओळ गं, ओळ लागते बोलायला.

तिचाच आवाज होता. तिने तो थांबवला नाही आणि चालवलाही नाही. आरा इकडे, आरा तिकडे. एकेक पट्टी आपल्या जागी अशी जाऊन बसत होती, जणू ती जागा तिच्यासाठी आधीपासूनच राखून ठेवलेली होती आणि आपलं काम काय, तर वाटेतून बाजूला होणं. चूक होईल ही भीती नव्हती. बरोबर होतंय हा आनंदही नव्हता. आनंद व्हायला कुणी तरी बाजूला उभं राहून बघावं लागतं, आणि बाजूला कुणी नव्हतंच. पाठ होती, कोपर होतं, पाणी होतं, ऊन होतं.

उंबऱ्यात कुणी उभं असतं, तर त्याला तेवढंच दिसलं असतं.

साठावा आरा ओढत असताना गजर झाला.

तिला तो ऐकू आला. नंतर तिने स्वतःला कितीही वेगळं सांगून बघितलं तरी हे खरं होतं. टिनाच्या डब्यातले खडे तिने पहिल्या क्षणापासून ऐकले. हा गजर आहे, साडेतीन झाले, हेही कळलं. दवाखान्याचा बाक, त्यावर डोळ्याला पट्टी बांधून बसलेली आई, हे चित्र पाण्यात तळाशी पडलेल्या नाण्यासारखं स्वच्छ दिसलं. मग डावा हात उठला, कठड्यापर्यंत गेला आणि घड्याळाच्या डोक्यावरची कळ दाबून परत आला.

बारा राहिले होते. खालून, वरून, भोक, ओढ.

*

ती दवाखान्यात पोचली तेव्हा सव्वापाच होत आले होते. बाहेरच्या खोलीत झाडू फिरत होता, खुर्च्या भिंतीला लावलेल्या होत्या. एका बाकावर आई, उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, वरून काळा चष्मा, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. शाळेच्या पायरीवर बसलेल्या मुलीसारखे.

“आलात का?” नर्स म्हणाली. “आजींनी आज आमच्या सगळ्या खुर्च्या तपासल्या. एकही पास झाली नाही.”

“तयार जाळी आहे, मशीनची,” आई म्हणाली. “चिकटवलीय नुसती. पण बसता येतं.”

घड्याळबाई तिच्यासमोर वाकली. धावत आल्याने श्वास लागला होता. केस सुटले होते, हात अजून ओलसर होते. आईने ते आपल्या हातात घेतले.

“विसरलेच गं, आई,” घड्याळबाई म्हणाली. “कामात भानच राहिलं नाही.”

शब्द बाहेर पडले आणि तिला ते ओळखीचे वाटले. कुठून आले, तेही लगेच आठवलं. तिने मान खाली घातली.

आईने तिचे ओले तळवे आपल्या पदराने पुसले. मग म्हणाली, “होतं असं,” आणि हात धरून उठली.

वाटेत बोलणं झालं ते कामापुरतं. डॉक्टर काय म्हणाले, थेंब किती वेळा घालायचे, एवढंच. रस्ता ओलांडताना आईने तिचं मनगट घट्ट धरलं. गाळ्यापाशी सुतारमामा दारातच उभे होते.

“काय घड्याळबाई, आज कोंबडा एकदाच आरवला? आणि तोही अर्ध्यातच गळा धरल्यासारखा गप्प झाला. मी म्हटलं, मेला की काय!”

“मामा, जरा चहाचं बघता?”

त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, आईच्या पट्टीकडे बघितलं आणि पहिल्यांदाच उलट न बोलता चहाचं बघायला गेले.

मागच्या खोलीत खुर्ची खिडकीपाशी तशीच होती. ऊन निघून गेलं होतं. निघायच्या आधी घड्याळबाईने दोऱ्या सोडल्या होत्या आणि चकती जागची हलली नव्हती. बहात्तर आरे तिला चारी बाजूंनी धरून होते. हे ती आईला सांगणार होती, वाटभर मनात घोळवत आली होती. तिने आईला नुसतं स्टुलावर बसवलं आणि तिचा हात नेऊन चक्रावर ठेवला.

आईने उघडा डोळाही मिटून घेतला. बोटं चकतीवर टेकली, तिच्या कडेने एक पूर्ण फेरी मारली आणि मग पहिल्या आऱ्यावरून बाहेर निघाली. कडेपर्यंत गेली, परत आली. दुसरा, बरोबर समोरचा. तिसरा. पहिल्या काहींवर ती जरा रेंगाळली. “इथे घाबरली होतीस.” बाराव्यावर, “हा काढून घातलास.” आणि मग ती काही बोललीच नाही. बोटं जात होती, येत होती. खोलीत तेवढाच आवाज, वेतावरून फिरणाऱ्या कोरड्या बोटांचा. एकदा ती पूर्ण थांबली तेव्हा घड्याळबाई पुढे वाकली. पण आईने नुसता श्वास सोडला होता.

“उठली नाहीस,” आई म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. “कुठेच उठली नाहीस गं.”

घड्याळबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षांत एवढं कौतुक तिच्या वाट्याला आलं नव्हतं. ते घ्यायला हात पुढे करावा तर मध्ये ते एक खोटं वाक्य आडवं पडलं होतं.

बोटं पुढे गेली. पन्नास, पंचावन्न. साठाव्यावर थांबली. मागे आली, पुन्हा त्यावरून गेली.

“हा सैल आहे.”

“किती?”

“केसभर. दुसऱ्या कुणाला जन्मात कळायचा नाही. समोरच्याने सांभाळून घेतलाय.” आईने त्या आऱ्यावर बोट तसंच ठेवलं. “इथे एकच हात होता तुझा. दुसरा कुठे तरी गेला होता.”

घड्याळबाई कठड्यावरच्या घड्याळाकडे बघत राहिली. ते टिकटिकत होतं, त्याचं त्याचं.

“गजर इथे झाला,” आई म्हणाली. तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

“हो.”

“ऐकलास?”

खोटं अजूनही बोलता आलं असतं. आईला दिसत नव्हतं. पण बोट त्या आऱ्यावर होतं.

“ऐकला,” घड्याळबाई म्हणाली. “तू बाकावर बसली असशील, तेही आठवलं. बारा राहिले होते आई. मी तो बंद केला आणि...” तिने कठड्यावरचं घड्याळ उपडं केलं. “मी विसरले नव्हते. तुला तसं म्हणाले, पण विसरले नव्हते.”

आता आई गप्प होईल, उठून पाणी आणायला जाईल, असं तिला वाटलं. नेहमी जायची तशी. पण आई उठली नाही. तिने काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि मोकळा डोळा उघडून, जिथून मुलीचा आवाज येत होता तिकडे तोंड केलं.

“ती घंटा,” ती म्हणाली, “इथे फार स्वच्छ ऐकू यायची. तुला आठवतं?”

“आठवतं.”

“त्या दिवशी खुर्चीची साधी बैठक होती हातात. चक्रबिक्र काही नाही. तिरप्या ओळी चालल्या होत्या. अशा चालल्या होत्या की काय सांगू. तुझे बाबा कामावर, तू शाळेत, घर शांत. लग्न झाल्यापासून माझा हात तसा कधी चालला नव्हता.” तिने साठाव्या आऱ्यावरचं बोट उचललं नाही. “वेत ओला आहे, वेत ओला आहे, म्हणून मी जन्मभर ओरडले. पण वेत काय गं, पुन्हा भिजवता येतो. पाच मिनिटांचं काम. तुला येऊन घेऊन गेले असते आणि पुन्हा बसले असते.”

भिंतीपलीकडे कपांचा आवाज झाला. मग मामा दारापर्यंत आले असावेत, कारण पावलं थांबली आणि हळूच मागे गेली.

“तू सगळ्यांना हसून सांगायचीस, आई विसरली. मी सांगू द्यायची. विसरलेल्या आईला लोक माफ करतात, म्हणून.” आईने दुसऱ्या हाताने मुलीचा हात शोधला, काप गेलेलं पेर तिला सापडलं, त्यावर तिने अंगठा ठेवला. “त्या शिपाईणबाईच्या तोंडावर मी खोटं बोलले, आणि तुझ्या तोंडावर. मग त्याची सवय झाली. आणि तू ते घड्याळ घेऊन या खोलीत आलीस, त्या दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.”

“आई...”

“थांब, बोलू दे. आता थांबले तर पुन्हा ओढ लागायची नाही.” आईने एक श्वास घेतला. “घंटा मी ऐकली होती, बाळ. पहिल्या टोल्यापासून ऐकली. तू पायरीवर बसली असशील, सायकली मोजत असशील, सगळं दिसत होतं. मी विसरले नव्हते. मला उठायचं नव्हतं.”